दार वाजवू नका

९ जानेवारी

घुम्या,

आशीर्वाद नेहमीचेच, ते धरून चाल. फोन सोडून पत्र का, हे तुला सांगायला नको. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि चौथ्याला तू "ठेवतो" म्हणतोस. कागदावर निदान मला मध्येच तोडता येत नाही तुला.

काम आहे. आमच्या ऑफिसकडे एक अ‍ॅप करायला आलंय. विद्यापीठातल्या मुलांनी जेवण मागवायचं अ‍ॅप. आणि विद्यापीठ कुठलं असेल? तुझंच! साहेबांनी आखणी सगळी माझ्या एकटीवर टाकली आहे. कुठल्या स्क्रीनवर काय दिसायचं, बटण कुठे, कशानंतर काय, सगळं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आखणीला रंग देत बसले, आता पहिल्यांदा माझं स्वतःचं काही होणार आहे.

गंमत अशी की मुलांना काय हवं यावर आम्ही सहा जण तावातावाने बोलतो, आणि आमच्यातल्या सगळ्यात तरुण माणसाला टक्कल पडलंय. तेव्हा तूच सांग. रोज जेवतोस कसा? कुठे खोळंबतोस, कुठे वैतागतोस? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, खरं लिही. नुसतं "ठीक आहे" लिहून पाठवलंस तर तिथे येऊन कान पिळीन.

आई विचारते, पोरगं एका सहामाहीत एवढं वाळलं कसं. मी म्हटलं, अभ्यास.

तुझी ताई

१६ जानेवारी

ताई,

ठीक आहे.

आता पुढचं.

कॅन्टीन तळमजल्यावर आहे. आधी कुपनची रांग, मग ताटाची. कुपनच्या खिडकीतला माणूस वर न बघता विचारतो, "काय?" मी सांगतो. त्याला ऐकू येत नाही. "काय?" आता तो वर बघतो. मागचेही बघतात. मग माझ्या पुढच्याने जे मागितलं असेल तेच मी मागतो, कारण ते त्याला एकदा ऐकू आलेलं असतं. परवा पुढच्याने दोन ताटं घेतली. मीही दोन घेतली. दोन्ही हातांत ताटं घेऊन उभा होतो, तर वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "कुणाची वाट बघतोयस?" मी हो म्हटलं. मग वाट बघणं आलं. सगळं गार झालं.

बसायचं कुठे हा पुढचा प्रश्न. टेबलं आठ-आठ जणांची. रिकामं धरलं तर घोळका येऊन विचारतो, "इथे कुणी आहे?" म्हणजे ऊठ. भरलेल्या टेबलाला बसलो तर त्यांचं बोलणं थांबतं. म्हणून बहुतेक वेळा मी पाव आणि बिस्किटं घेऊन खोलीत जातो. हे आईला सांगू नकोस. अभ्यासच चालू दे.

मला काय हवं, विचारलंस. कुणाशी बोलावं लागू नये. एवढंच.

घु.

२५ जानेवारी

अरे घुम्या,

तुझं पत्र मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. रागावू नकोस. दोन ताटांपाशी आले तेव्हा सगळे पोट धरून हसले. साहेब म्हणाले, "हाच आपला माणूस."

आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रत्येक कामाला आम्ही एक गिऱ्हाईक मनाने उभं करतो, त्याचं चित्र आणि माहिती पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला चिकटवतो, म्हणजे काम करताना तो माणूस डोळ्यांसमोर राहतो. एरवी नाव काहीतरी बनवलेलं असतं. या वेळी पुठ्ठ्यावर लिहिलंय "घुम्या". चित्र मी काढलंय, कान तुझेच आहेत, एक जरा जास्त बाहेर. खाली तुझं वाक्य: कुणाशी बोलावं लागू नये. आता कुठलीही स्क्रीन काढली की आम्ही एकमेकांना विचारतो, "घुम्याला चालेल का?" नाही चाललं तर फाडून टाकतो.

हसून झाल्यावर घरी आले आणि मला रडू आलं. असा ताटं घेऊन उभा राहिलास, माझ्या राजा, आणि आम्हाला पत्ता नाही. आता नाही राहावं लागणार. बघच तू.

ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

तुझं अ‍ॅप आमच्या वसतिगृहात सुरू झालं. मुलांना आवडलंय. मला पण. तीन बटणं दाबली की अर्ध्या तासात डबा वर येतो. भात, अंडी, सूप. गरम असतं. कुपनवाल्याला मी आठवडाभरात पाहिलेलं नाही.

एक तक्रार आहे. डबा आणणारे काका दार वाजवतात. वाजवून थांबतात. उघडेपर्यंत हलत नाहीत. आणि डबा हातात द्यायच्या आधी चौकशा. "झोपला होतास? आज कॉलेज नाही? रोज अंडी, कंटाळा कसा येत नाही रे?" काल म्हणाले, "डोळे बघ कसे झालेत." मी आरशात बघितलं. झालेत तसे. पण त्यांना काय करायचंय? रोज दोनदा दाराशी जाऊन तोंड दाखवायचं म्हणजे कॅन्टीनच वर आलं की. दाराशेजारी चपला ठेवायचा कट्टा आहे. तिथे डबा ठेवून गेले तर काय बिघडेल?

आणि मी रोज तेच मागवतो. मग रोज तीन बटणं कशाला?

घु.

४ मार्च

घुम्या,

हुकूम सरआंखोंपर! दोन्ही कामं केली.

एक, "दार वाजवू नका" अशी खूण. ती करून ठेवली की डबा कट्ट्यावर, आणणाऱ्याने अ‍ॅपवर "पोचलं" दाबायचं आणि पुढच्या खोलीला जायचं. साहेबांना हे इतकं आवडलं की आता सगळ्यांनाच ती खूण आधीपासून केलेली मिळते. ज्याला वाजवून हवंय त्याने ती काढायची. दार उघडायची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचला आणि एक माणूस आता दोन मजले उरकतो. दुसरं, "रोज हेच". एकदा दाबलं की दोन्ही वेळा आपोआप. तू बोट उचलायचं नाहीस, राजेसाहेब.

आमच्यातल्या एका बाईंनी शंका काढलीच. या बाई प्रत्येक स्क्रीन तपासतात आणि प्रत्येक मीटिंगला शंका काढतात. "मुलाने डबा आत घेतला हे आपल्याला कळणार कसं?" मी म्हटलं, भूक लागली की घेईल ना, जाईल कुठे? सगळे हसले. बाईही हसल्या.

तू खुश ना? खरं सांग. मला आता साहेबांपेक्षा तुझ्या पसंतीची धास्ती वाटते.

ताई

३ एप्रिल

ताई,

खुश आहे. दोन्ही छान चालतंय.

अभ्यास चालू आहे. तासांना जातो. शेजारच्या खोलीत एक मित्र झालाय, त्याच्याशी बोलणं होतं अधूनमधून. थोडा खोकला आहे, पण सध्या सगळ्यांनाच आहे.

आईला सांग, सारखा फोन करू नको. तासाला असताना उचलता येत नाही आणि मग ती घाबरते. तुला तिकडे ऑफिसात अ‍ॅपवर माझं जेवण दिसतंच आहे. तूच सांगत जा तिला.

घु.

२१ एप्रिल

घुम्या,

बस आणि नीट वाच, कारण आज मी हवेत आहे.

काल मोठी मीटिंग झाली. पैसे लावणारे लोक आले होते, बरोबर दोन वकील. मी उभी राहून सगळं मांडलं. आणि शेवटी कुणाचा आलेख दाखवला असेल? तुझा! नाव नव्हतं घेतलं, काळजी नको. अरे, आठवडा झाला तू अ‍ॅप उघडलेलंसुद्धा नाहीस, आणि एकही जेवण चुकलेलं नाही. दोन्ही वेळा हिरवी खूण, पोचलं, पोचलं, पोचलं. मी त्यांना म्हटलं, सोय म्हणतात ती ही. वापरणाऱ्याला अ‍ॅप आहे हेसुद्धा आठवावं लागत नाही. त्यांच्यातला एक जण चक्क टाळ्या वाजवायला लागला. आता हे बाकीच्या विद्यापीठांतही जाणार आहे.

आईने मात्र उच्छाद मांडला होता. तुझा फोन लागत नाही म्हणून परवा बाबांना बॅग भरायला लावली. बाबा बूट घालून दारात, आणि माझा फोन गेला म्हणून बरं. मी म्हटलं, अहो बाबा, परीक्षा तोंडावर आली आहे, फोन बंद ठेवून बसला असेल. जेवतोय वेळेवर, मला इथे बसून दिसतंय की! कशाला त्याला त्रास? तेव्हा कुठे बूट काढले त्यांनी. बघ, तुझी अब्रू वाचवली. वर्गमित्रांसमोर बाबांनी तुझ्या गादीखालची धूळ काढली असती.

घाईने उत्तर नको. आधी परीक्षा.

तुझी (आज फार मोठी झालेली) ताई

२ जून

ताई,

तुझं एकवीस तारखेचं पत्र मला दवाखान्यात मिळालं. बाबा खोली रिकामी करायला गेले, तेव्हा ते दाराच्या आत पडलेलं होतं. मला नेल्यावर कुणीतरी खालून सरकवलं असणार. त्यांनी न वाचता माझ्या हातात दिलं. मी अजून कुणाला दाखवलेलं नाही.

तू दवाखान्यात आलीस तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. छातीतली नळी दुखते म्हणून, असं तू नर्सला सांगत होतीस. नळी दुखत होतीच. पण पत्र उशीखाली होतं आणि तुझ्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

आता घरी आहे. न्यूमोनिया गेला, पण डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कामातून गेलाय म्हणतात. जिना चढताना मध्ये बसतो. वर्ष गेलंच.

तुला काही गोष्टी खोट्या लिहिल्या होत्या. मी तासांना जात नव्हतो. मार्चपासून गेलोच नाही. शेजारच्या खोलीत मित्र वगैरे नाही. मुलगा आहे, त्याचं नाव मला माहीत नाही. त्यानेच रेक्टरकडे तक्रार केली, पण ती वासाची होती. माझ्या दाराबाहेर डबे साठले होते आणि अन्न आंबलं होतं. रेक्टर आले ते मला रागवायला. उकिरडा केलाय म्हणून बाहेरून बराच वेळ बोलत होते. मी उत्तर देत नाही म्हणून आणखी चिडले, आणि मग किल्ली मागवली.

ताप असताना मला पावलं ऐकू यायची. पहिल्यांदा डबा ठेवल्याचा आवाज, मग आधीचे डबे सरकवून जागा केल्याचा. रोज नीट रचून ठेवायचे. ते जुने काका नव्हते, त्यांची चाल ओळखतो मी. पडल्या पडल्या वाटायचं, आता वाजवेल. मग लक्षात यायचं की नको म्हणून आपणच सांगितलंय.

सगळ्यांना माहीत आहे ते असं, की तापाने उठताच येत नव्हतं. शेवटी शेवटी नव्हतं येत, हे खरं आहे. पण पहिले दोन दिवस येत होतं. फोन उशाशी होता. चार्जर भिंतीला होता. दार तर खोलीतच होतं. मी उठलो नाही. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. नुसतं वाटलं, राहू दे. भीतीसुद्धा वाटली नाही. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही, आईबाबांना तर नाहीच.

तुमच्या भिंतीवरून मला काढ.

आणि इकडे येऊ नकोस. तू येशील आणि मला काय हवं ते विचारशील. मला ते आता ऐकवणार नाही.

घु.

११ जून

घुम्या, बाळा,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. लोक मला ओलांडून जात होते. तिथेच बसून राहिले, वर जायची लाज वाटत होती.

क्षमा मागण्याजोगं हे नाही, म्हणून मागत नाही. बाबा बूट घालून दारात होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्यापाशी पोचले असते, आणि मी त्यांना परत आत पाठवलं. मी. आणि वर तुला हौसेने लिहून कळवलं. मी ते पत्र लिहीत होते तेव्हा तू आत तसाच पडला होतास. बाबा अजून मला एका शब्दाने बोललेले नाहीत. आई बोलली, भरपूर बोलली, ते बरं वाटलं. बाबा गप्प आहेत ते सोसत नाही.

पहिल्या दोन दिवसांचं तू लिहिलंस. ते मी कुणाला सांगणार नाही. पण घुम्या, डॉक्टरांना सांग रे. त्यांना नाही तर दुसऱ्या कुणाला. माझ्या एकटीच्या पोटात ते ठेवू नकोस, मला फार भीती वाटते.

तुझ्या पत्रानंतर साहेबांकडे गेले. म्हटलं, ती खूण काढा. नाहीतर निदान आधीचा डबा तिथेच दिसला तर माणसाने दार वाजवावं, कुणाला तरी कळवावं, एवढं घाला. साहेब वाईट नाहीत रे. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं, तुझी चौकशी केली. मग म्हणाले, मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलंय ते तूच मला दाखवलं होतंस. ते खरंच आहे. दहातली नऊ मुलं ती खूण काढत नाहीत. डबे बघायचे, कळवायचे, तर ते वकिलांना विचारून ठरवू म्हणाले. वकील म्हणाले, एकदा बघायला लागलात की न बघितल्याचा दोष येतो. म्हणून कुणी बघायचं नाही असं ठरलं.

पुठ्ठा काढायला गेले तर त्यावरचं नाव आधीच कुणीतरी बदललं होतं. माझ्यासाठी, मला त्रास नको म्हणून. दुसरं एक नाव चिकटवलंय. खाली वाक्य तुझंच आहे, आणि कानही. मी ओरबाडून काढला, तर दुसऱ्या दिवशी नवीन छापून आला. शंका काढणाऱ्या बाई आता माझ्याशेजारी बसून जेवतात आणि मीटिंगमध्ये काही बोलत नाहीत. नोकरी सोडते असं मी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. अजून तिथेच आहे. तुला खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितेय.

तू येऊ नकोस म्हणालास. कितीही जीव तुटला तरी येणार नाही. तुझ्या मनाविरुद्ध आता काही म्हणजे काही करायचं नाही, अशी शपथ घेतली आहे. तुला वाटेल तेव्हा बोलाव. मी वाट बघेन.

तुझी ताई

१९ जून

ताई,

तुझं पत्र आईसमोर उघडलं. ती विचारत होती काय लिहिलंय. मी म्हटलं, ख्यालीखुशाली.

डॉक्टरांना सांगायला गेलो होतो. खुर्चीत बसलो आणि त्यांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" मी म्हटलं, ठीक आहे. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. परत जायचं म्हणतोय. अजून गेलो नाही.

ते "राहू दे" गेलेलं नाही. सकाळी डोळे उघडले की आधी तेच असतं. मग आई जेवायला हाक मारते. मी नको म्हणतो. ती ऐकत नाही, वाढून घेते. मी पुन्हा नको म्हणतो, ती म्हणते, नको तर नको, बस नुसता. बसलो की बाबा समोर पेपर धरतात आणि पान उलटायचं विसरतात. मला दोघांचा भयंकर राग येतो. एकदा ताट ढकललं मी. आईने दुसरं वाढलं. थोडं खातो, कारण त्याशिवाय ती उठू देत नाही.

तू शपथ घेतलीस ते वाचून मात्र मी घाबरलो. ताई, लहानपणापासून या घरात माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारी तू एकटी. मी म्हटलं बोलायला नको, तू बोलणं काढलंस. म्हटलं वाजवायला नको, तू वाजवणं काढलंस. आता म्हटलं येऊ नको, तर तू येणं काढलंस. पुढे मी काय म्हणेन याचा मला भरवसा नाही, आणि तू तेही करशील.

ती शपथ मोड. पुढच्या आठवड्यात ये. मी बहुतेक बोलणार नाही. परत जा म्हणेन, आणि अगदी मनापासून म्हणेन. तू जाऊ नकोस.

घु.